जड होत जाणारा पत्रा

पनवेलच्या त्या हॉलबाहेर दर गुरुवारी चपला ठेवायला जागा उरत नसे. रोगहारी महाराजांपुढे हळदीच्या गढूळ पाण्याचं घंगाळ आणि छोटा काटा. रोग्यानं आठवडाभर छातीवर बांधलेला चांदीचा पत्रा महाराज पाण्यात 'शांत' करत, पुसत आणि काट्यावर ठेवत. पहिल्या गुरुवारी साडेदहा ग्रॅम, दुसऱ्या गुरुवारी पावणेसोळा, तिसऱ्या गुरुवारी एकवीस. रोग चांदीत उतरला, पत्रा दुप्पट झाला, आता गोळ्या बंद, असं ते मधाळ आवाजात सांगत. डॉक्टरला कधी रोगाचं वजन करता आलंय का, या त्यांच्या टोमण्यावर अख्खा हॉल हसायचा.

मी कमळाकर, चांदीकाम करणारा. हे लोकांकडून ऐकून मीही हसलो आणि कामाला लागलो. शहाणा ना मी.

२००९च्या दिवाळीनंतर करंजा गावची गुणाबाई दुकानात आली. नवरा काशिराम बोटीवर खलाशी, टीबीनं महिन्यापूर्वी गेलेला. देवघरात ठेवायला त्याचा टाक करायचा होता, महाराजांनी त्याच्या छातीवर बांधलेल्या पत्र्यातूनच. तिनं पदरातून तो काढला, पण हातात देईना.

"आदी यातली बिमारी काढा. घरान पोरां हायत."

पत्रा हातात घेतला आणि उजेडात धरला. कडेला बारीक चरा होता, पत्रा लाटायच्या माझ्याच रोलरचा. उलव्याच्या एका माणसानं एकाच मापाचे डझनावारी पत्रे नेले होते: लांबी दहा सेंटिमीटर, रुंदी पाच, जाडी मात्र तीन प्रकारची. कशाला हवेत, हे मी विचारलं नव्हतं. हिशेब तेवढा चोख करून दिला होता.

तोच हिशेब तिच्यासमोर पुन्हा मांडला. लांबी गुणिले रुंदी गुणिले जाडी, सगळं सेंटिमीटरमध्ये, आणि त्याला चांदीच्या घनतेचे साडेदहा. जाडी दोन दशांश मिलिमीटर असली की साडेदहा ग्रॅम, तीन दशांशाला पावणेसोळा, चार दशांशाला एकवीस. जाड पत्रा घंगाळाच्या तळाशी आधीच पडलेला असणार. पातळ आत जायचा, जाड वर यायचा.

ऑर्डरमधला एक पातळ पत्रा उरला होता, तो तिच्या दुसऱ्या हातात दिला. दोन्हींच्या कडांवरून तिनं अंगठा फिरवला.

"त्यो गोल्या घेतो म्हनत व्हता," ती म्हणाली. "मीच डबी खाडीन टाकली."

मला रडू आवरलं नाही. मी तिची माफी मागितली.

पुढच्या गुरुवारी तिन्ही जाडीचे पत्रे घेऊन आम्ही दोघं हॉलमध्ये उभे राहिलो. मी घंगाळ उपडं केलं. तळातून अकरा पत्रे निघाले आणि महाराज मागच्या दारानं पसार झाले. लोक घरी गेले. काशिराम काही घरी आला नाही. टाक गुणाबाईनं दुसऱ्या कारागिराकडून करून घेतला, आणि तिचं बरोबरच होतं.

म्हणून हात जोडून सांगतो. चांदीचं वजन वाढलं असेल तर चांदीच वाढलेली असते. मोजपट्टी लावा, प्रश्न विचारा, आणि डॉक्टरनं सांगितल्याशिवाय गोळी बंद करू नका. मी वेळेवर एक प्रश्न विचारला असता, तर तो माणूस आज बोटीवर असता.