प्रिंटरच्या यादीतलं नाव

कामिनीनं अकराव्यांदा बटण दाबलं आणि लॅपटॉपनं अकराव्यांदा तेच ऐकवलं: ॲक्सेस डिनाइड. म्हणजे परवानगी नाही. कोणी नाकारली आणि का नाकारली, हे सांगायची तसदी यंत्रानं घेतली नव्हती.

दुपारचे बारा वाजले होते. उद्या सकाळी दहाला दीपनगरच्या एका शाळेत तिची मुलाखत होती, संगणक शिक्षिकेच्या जागेसाठी. अर्ज, अनुभवाचे दाखले आणि एका तासाच्या पाठाचं टाचण असे सात कागद छापून, सह्या करून सोबत न्यायचे होते. लग्नाआधी चाळीसगावात ती संगणकाचा क्लास घ्यायची. लग्न होऊन जळगावला आली आणि क्लास सुटला. चौधरींच्या घरात सुना नोकरीला जात नाहीत, हे तिला कोणी तोंडानं सांगितलं नव्हतं. न सांगताच सहा वर्षं गेली होती. या वेळी तिनं कोणाला न विचारता अर्ज भरला होता आणि बोलावणं आल्यावर जेवताना सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं. कोणी हो म्हणालं नाही, कोणी नाही म्हणालं नाही. सासरे चुडामणआबा तर दुसऱ्या दिवशी पहाटेच केळीच्या मळ्यात निघून गेले.

प्रिंटर खालच्या मजल्यावर होता, थोरले दीर हितेंद्रभाऊ यांच्या ऑफिसात. तिथून त्यांचा केळीचा धंदा चाले, गाड्या भरून दिल्लीकडे जात. त्यांच्या संगणकाला प्रिंटर जोडलेला आणि घरातल्या बाकीच्यांनी आपापल्या जागेवरून वायफायनं त्यावर कागद काढायचे, अशी सोय होती. ही सोय केली होती कामिनीनंच. आणि आता तिच्याच हातच्या जोडणीनं तिला दाराबाहेर उभं केलं होतं.

तिनं आधी स्वतःवरच संशय घेतला. बाईमाणसाला ती सवयच लागलेली असते. लॅपटॉप बंद करून चालू केला, वायफायची पेटी बंद करून चालू केली, प्रिंटर काढून टाकून पुन्हा जोडला. छपाईच्या रांगेत काही अडकलंय का ते पाहिलं. रांग रिकामी. मग तिनं खालच्या संगणकातलं सामायिक फोल्डर उघडलं, तर केळीच्या गाड्यांचे फोटो धडाधड दिसायला लागले. म्हणजे वाट मोकळी होती. शेवटी तिनं खोलीतल्या कोपऱ्यातला नवऱ्याचा जुना संगणक सुरू केला, त्यावरून एक कोरा कागद धाडला, आणि खाली प्रिंटर गुरगुरलेला वरपर्यंत ऐकू आला.

म्हणजे प्रिंटर ठणठणीत होता. नीलेशला परवानगी होती आणि तिला नव्हती.

नीलेश ठिबकच्या नळ्यांच्या कामानं धुळ्याला गेला होता. तिनं फोन लावला.

"अगं, मग माझ्याच संगणकावरून काढ ना," तो म्हणाला. "एवढं काय त्यात?"

"मला माझ्या नावानं काढायचेत."

"कागदावर थोडंच उमटतं कोणाच्या नावानं काढलं ते?"

"नाही उमटत. मला माहीत असतं."

स्वभावानं नीलेश वाईट नव्हता, फक्त भांडणाचा वास आला की त्याला कामं आठवत. "नाहीतर चौकातल्या दुकानातून काढून घे, दहा मिनिटांचं काम आहे. भाऊंना कशाला छेडतेस?" असं म्हणून त्यानं फोन ठेवला. चौकातलं दुकान कामिनीला माहीत होतं. पण घरात प्रिंटर असूनही चौकात जात होती ती भूमिका. भूमिका म्हणजे हितेंद्रभाऊंची दहावीतली मुलगी. पंधरा दिवसांपासून पोरगी शाळेचा प्रकल्प चौकातून छापून आणत होती आणि "आपला प्रिंटर बिघडलाय काकू" म्हणत होती. तेव्हाच कामिनीच्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता.

खाली जायचं म्हणजे मात्र एक अडचण होती. या घरात धाकटी सून जेठासमोर, म्हणजे थोरल्या दिरासमोर, जात नाही. जेठ बसलेले असतील त्या खोलीत ती पाऊल टाकत नाही, त्यांच्याशी थेट बोलत नाही, त्यांचं नाव तर घेतच नाही. जेठही तिचं नाव घेत नाहीत. काही सांगायचं असलं की मधे कोणीतरी लागतं, बहुधा सासूबाई. सहा वर्षांत हितेंद्रभाऊंनी कामिनीला उद्देशून एक शब्द उच्चारला नव्हता. प्रिंटर जोडून दिला त्या दिवशीही ते बाहेर अंगणात जाऊन बसले होते आणि सासूबाई आत-बाहेर करून निरोप पोचवत होत्या.

साडेबाराला हितेंद्रभाऊ मागच्या स्वयंपाकघरात जेवायला बसले. त्यांना वाढायला सासूबाई सुनंदाबाई होत्या, जाऊबाई कुंदाताई माहेरी गेल्या होत्या. कामिनी लॅपटॉप घेऊन खाली उतरली आणि रिकाम्या ऑफिसात शिरली.

प्रिंटरच्या सुरक्षेचं पान उघडायला तिला अर्धं मिनिट लागलं. कोणी कागद काढायचा याची यादी तिथं होती. तिनं जोडणी केली तेव्हा घरातल्या आठही जणांची खाती तिनं स्वतः उघडली होती, आणि या यादीत एकच शब्द ठेवला होता: सर्वजण. आता तो शब्द काढला होता. त्याच्या जागी चार नावं होती. चुडामण, हितेंद्र, नीलेश, ओम.

भूमिकाचा धाकटा भाऊ ओम पहिलीत होता. अजून त्याला स्वतःचं नाव सरळ रेषेत लिहिता येत नव्हतं, पण प्रिंटर वापरायची परवानगी होती.

कामिनीच्या अंगाचा तिळपापड झाला. तिचा हात माउसवर होता, सगळे पासवर्ड तिला पाठ होते, नाव घालून बरोबरची खूण करायला दहा सेकंद पुरले असते. कोणाला कळलंही नसतं. आणि तेच तिला नको होतं. आपण जोडलेल्या प्रिंटरमध्ये आपलंच नाव चोरासारखं का घालायचं? तिनं माउस सोडला, खुर्ची जरा बाजूला ओढली आणि लॅपटॉप मांडीवर घेऊन बसून राहिली.

हात पुसत हितेंद्रभाऊ दारात आले आणि थबकले. रीतीप्रमाणे आता कामिनीनं पदर सावरून मागच्या दारानं निघायचं होतं. ती उठली नाही.

"आई," हितेंद्रभाऊंनी आत हाक मारली, "इथी काय चाललंय?"

सुनंदाबाई लगबगीनं आल्या. कामिनीला खुर्चीत पाहून त्यांचा चेहरा उतरला.

"भाऊ," कामिनी म्हणाली, "प्रिंटरच्या यादीतून माझं नाव काढलंय. ते घाला."

हितेंद्रभाऊंनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. "आई, तिले सांग, म्या कोणाचं नाव काढेल नही. भाडेकरूंचे पोरं वायफायवरून चित्रं छापत होते, म्हणून 'सर्वजण' काढलं अन् घरच्यांची नावं टाकली. सुपडूकाकांकडच्या लग्नाची पत्रिका इथीच पडेल होती, त्यातल्या निमंत्रकांत आपल्या घरची नावं होती, ती पाहून टाकली."

"तो म्हणतो का..." सुनंदाबाईंनी सुरुवात केली.

"ऐकलं मी, आई. भाऊ, निमंत्रकांत बायकांची नावं नसतात. घरात बायका असतात. तुमच्या भूमिकाचंही नाव नाही त्यात. ती पंधरा दिवस चौकात जातेय."

भूमिकाचं नाव निघताच हितेंद्रभाऊंची नजर कॅलेंडरवरून खाली आली. हे त्यांना ठाऊक नव्हतं, ते दिसत होतं. पण माघार घेणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. "आई, तिले सांग, नीलेश संध्याकाळी येईन अन् काढून देईन. अन् त्या नोकरीचं एकदा आबांशी बोलून घे म्हणावं."

"नोकरीचं मी सगळ्यांसमोर बोलले. उद्या सकाळच्या गाडीनं मी दीपनगरला जातेय. त्याचे कागद आत्ता, इथून, माझ्या नावानं निघायला हवेत. मला स्वतःला घालता आलं असतं, भाऊ. पण तुम्ही यादी केलीत, तुम्हीच घाला."

हितेंद्रभाऊ दुसरी खुर्ची ओढून पडद्यासमोर बसले, कामिनीपासून हातभर अंतरावर. त्यांनी टाइप केलं: 'सौ नीलेश'. संगणकानं सांगितलं, असं नाव सापडलं नाही. त्यांनी 'नीलेश वाइफ' टाकून पाहिलं. तेही सापडलं नाही. त्यांनी घसा खाकरला. "आई, काय टाकू?"

"ज्या नावानं खातं आहे तेच टाकावं लागतं," कामिनी म्हणाली. "दुसऱ्या कशानं ते उघडत नाही."

ते नाव त्यांना माहीत नव्हतं असं नाही. भावाच्या लग्नाच्या पत्रिकाही त्यांनीच छापून आणल्या होत्या. सुनंदाबाई एकदा लेकाकडे, एकदा सुनेकडे पाहत राहिल्या. सहा वर्षं निरोप पोचवून त्या बाई थकल्या असाव्यात.

"कामिनी," त्या म्हणाल्या. "कामिनी नाव हाये तिचं. टाक."

हितेंद्रभाऊंनी एकेक अक्षर शोधून दाबलं. या वेळी नाव सापडलं. त्यासमोर खूण झाली. कामिनीनं मांडीवरच्या लॅपटॉपचं बटण दाबलं आणि प्रिंटरनं अर्जाचं पहिलं पान बाहेर टाकलं, मग दुसरं. सातही पानं तिनं मोजून घेतली आणि तिथंच, जेठांच्या टेबलावर टेकवून सह्या केल्या.

"भूमिकाचंही घाला," ती म्हणाली. "आणि कुंदाताईंचं."

हितेंद्रभाऊंनी दोन्ही घातली. या वेळी त्यांनी आईला काही विचारलं नाही. काम संपलं असं समजून ते खुर्ची मागे सारणार, तेवढ्यात सुनंदाबाई पुढे आल्या.

"माह्यं बी खातं हाये का गं यात?" त्यांनी कामिनीला विचारलं.

"आहे ना, आई. सुनंदा नावानं. मीच उघडलं होतं."

"मग मले बी टाक," त्या लेकाला म्हणाल्या.

हितेंद्रभाऊंना हसू आलं. "तुले काय छापायचंय, आई?"

"ते मी पाहीन," सुनंदाबाई म्हणाल्या. "तू नाव टाक."