विष : सात

ख्युंगदुंग गावात गेल्या पाच वर्षांत अकरा माणसं मेली. नव्वदी ओलांडलेली एक म्हातारी झोपेतच गेली, एक तान्हं बाळ न्यूमोनियाने गेलं, एक जण गुरांसाठी पाला तोडताना झाडावरून पडला आणि एकाला अस्वलाने मारलं. उरलेल्या सातांची पोटं फुगली, डोळे पिवळे झाले आणि शेवटी रक्ताची उलटी होऊन ते संपले. हे सात कशाने गेले, ते बासष्ट घरांच्या त्या गावाला पक्कं ठाऊक होतं. ओढ्यापलीकडच्या पेल्देनने त्यांना विष घातलं होतं.

गावच्या दवाखान्यातल्या यांगचेनलाही ते कशाने गेले ते पक्कं ठाऊक होतं. ती डॉक्टर नव्हती, आरोग्य सहायक होती. पण खरा डॉक्टर चार तासांच्या घाटरस्त्यापलीकडे बसत असल्यामुळे गावाने तिला परस्पर बढती देऊन टाकली होती. तिच्या मते सातही जणांना आरेने नेलं. आरा म्हणजे मक्याची, घरोघरी गाळलेली दारू. सकाळी उठल्यावर एक पेला, शेतावर निघताना एक, पाहुणा आला की तीन, पाहुणा गेला की त्याच्या आठवणीने एक. बाळंतिणीला तीच, लोणी-अंडं घालून. देवाला तीच. अशा गावात माणूस आरेने मेला म्हणणं म्हणजे भाताने मेला म्हणण्यासारखं होतं.

अडचण अशी, की मृत्यूच्या फॉर्मवर घरच्यांचा अंगठा लागतो.

पहिला फॉर्म तिच्या स्वतःच्या वडिलांचा होता. "आरा" हा शब्द वाचून दाखवल्यावर आमाने, तिच्या आईने, चुलीकडे तोंड फिरवलं आणि अंगठा पदरात गुंडाळून घेतला. नंतर थुक्तेन गेला. तो गुप निदुपचा, म्हणजे निवडून आलेल्या गावप्रमुखाचा, थोरला भाऊ. गुप म्हणाले, "सरकारदरबारी माझा भाऊ बेवडा म्हणून राहणार? आणि एकोणपन्नास दिवसांच्या पूजेत लामांना काय सांगू? त्याच्या पुढच्या जन्माचं काय? विष लिही, विष. सगळ्यांना माहीत आहे."

मग यांगचेनने सुवर्णमध्य काढला. कारणाच्या रकान्यात तिने लिहिलं "विष" आणि शेजारच्या शेऱ्याच्या रकान्यात, बारीक अक्षरात, "आरेचं". दोन्ही रकाने एका दमात वाचले तर ते खरं होतं आणि पहिल्यावरच थांबलं तर गावाच्या सोयीचं होतं. घरचे पहिल्यावर थांबत आणि अंगठा देत. असे सात अंगठे झाले. आपण कोणाचंही मन न दुखवता खरं बोललो याचा तिला थोडा अभिमानही होता.

जिल्ह्याच्या कॉम्प्युटरला शेऱ्याचा रकाना नव्हता. तोही पहिल्यावरच थांबला.

एका सकाळी राजधानी थिंपूहून पांढरी गाडी आली. आतून इस्त्रीचा घो, म्हणजे गुडघ्यापर्यंतचा झगा, घातलेला तिशीचा क्वेंगा उतरला. मेलेल्यांची मोजदाद करणं हे त्याचं काम होतं. त्याने टेबलावर एक तक्ता पसरला.

"मॅडम, आपला देश केवढा? साडेसात लाख माणसं. कुठे चार जण जास्त मेले तरी आलेख उडी मारतो. ही बघा तुमची उडी." त्याने बोट ठेवलं. "विषबाधा, सात. एकाच गावात. मी खात्री करायला आलोय. पण हे खरं असेल तर सात खून आहेत. संध्याकाळपर्यंत मला पोलिसांना कळवावं लागेल."

यांगचेन म्हणाली, "सर, त्यात शेऱ्याचा..."

"सात!" दारातून आवाज आला. पाहुण्याचं स्वागत करायला गुप निदुप हातात पांढरा खादा, म्हणजे मानाचं उपरणं, घेऊन उभे होते. तो गळ्यात घालायचं विसरून ते तक्त्याकडे आ वासून पाहत होते. "बघा! आम्ही म्हणत होतो तर अडाणी ठरत होतो. आता सरकारच म्हणतंय!"

दुपारी गावसभा ठरली. पेल्देनने तीन दिवसांत गाव सोडावं असा ठराव करायचा आणि पोलीस येण्याआधी तो त्यांच्या हातात ठेवायचा, असं गुपांनी परस्पर ठरवूनही टाकलं.

यांगचेन ओढा ओलांडून पळत सुटली.

त्या भागात अशी एक-दोन घरं असतातच, जिथे विष आहे असं लोक मानतात. ते आईकडून मुलीकडे जातं, दागिन्यासारखं. पेल्देनच्या आईकडे होतं, आता पेल्देनकडे आहे. तिला मुलगी नाही, ही गावाची मोठी आशा. एरवी त्या मुलखात कोणी काही देऊ केलं, की माणूस तोंडावर हात ठेवून "मेशू, मेशू" म्हणतो. नको, नको. हा खोटा नकार असतो. दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा पेला पुढे करायचा, अशी रीत. यजमानीण नकार ऐकत नाही. फार झालं तर चिमटा काढते आणि ओतते. खरा नकार गावात एकाच दारात मिळायचा. पेल्देनच्या.

दारातली पाण्याची काळी नळी दोन ठिकाणी कापली होती. पाणी वाटेवर वाहत होतं. पेल्देन अंगणात मक्याची कणसं सोलत बसली होती.

"ये डॉक्टर. चहा घेणार?"

"नको, आना." सवयीने तोंडून निघून गेलं, 'आना' म्हणजे ताई या हाकेसकट. दहा वर्षं हेच उत्तर. या घरात विष नाही हे यांगचेनला माहीत होतं. पण इथे चहा घेतला तर गाव दवाखान्यात गोळी घ्यायला येणार नाही, हेही माहीत होतं.

"नळी सकाळीच कापली," पेल्देन म्हणाली. "सात म्हणे मी मारले. अगं, माझ्या घरात सात पेलेसुद्धा नाहीत."

"आना, ते मी..."

"माझ्याकडे शेवटचं कोण प्यायलं सांगू? माझा नवरा. तो आठ वर्षांपूर्वी पुलावरून पडला. पोट सपाट होतं त्याचं, तूच पाहिलंस." तिने कणसाचे दाणे टोपलीत झटकले. "लेक म्हणतो थिंपूला ये. टॅक्सी चालवतो तो. एका खोलीत चौघं राहतात. माझी गाय कुठे बांधू? चौकात, त्या हातवारे करणाऱ्या पोलिसाशेजारी?"

"कागदावर विष मी लिहिलं, आना," यांगचेन एका दमात म्हणाली. "सातही वेळा."

पेल्देनचा हात थांबला. तिने हातातलं कणीस खाली ठेवलं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"तूसुद्धा?" एवढंच ती म्हणाली. मग म्हणाली, "जा. सभेला उशीर होईल. मीही येते. आपलाच न्याय आहे, न जाऊन कसं चालेल?"

सभा गुपांच्या कचेरीच्या अंगणात भरली. रीतीप्रमाणे आधी आरा आली. बाटल्या घेऊन फिरणाऱ्या बायकांत यांगचेनची आमा पुढे होती. तिच्या हातची आरा नावाजलेली. क्वेंगाने पेल्यावर हात ठेवला.

"नको, मी ड्यूटीवर आहे."

आमाने त्याच्या मांडीला चिमटा काढला. "ड्यूटी डोक्यात असते की मांडीत?" अंगण हसलं. पेला भरला गेला.

पेल्देन फाटकाशी उभी होती. हातात थर्मास, कारण सभेत तिला कोणी काही देत नसे. तिच्याभोवती चार हातांची जागा आपोआप रिकामी राहिली होती.

गुप उठले. "कागद बोललाय. सात. आता चर्चा कशाला?"

"मी खात्री करायला आलोय," क्वेंगा म्हणाला. "या बाईंच्या घरी त्या सातांपैकी कोणी खाल्लं-प्यायलं होतं का?"

"तिच्या घरी कोण मरायला जाईल!" मागून कोणीतरी म्हणालं.

"मग विष गेलं कसं?"

"तीच तर तिची हुशारी, दाशोसाहेब," गुप शांतपणे म्हणाले. "हात वर करा. तीन दिवसांची मुदत ज्यांना मान्य..."

हात वर जाऊ लागले. यांगचेन उठली. रजिस्टर तिने छातीशी धरलं होतं.

"ते विष मी लिहिलंय."

"बरोबरच लिहिलंस," गुप म्हणाले. "बस."

"अर्धंच वाचलं तुम्ही. उरलेलं शेजारच्या रकान्यात आहे." तिने पान उघडलं. "त्शेतेन, वय अठ्ठावन्न. कारण, विष. शेरा, आरेचं. हे माझे वडील. थुक्तेन, वय एकावन्न. कारण, विष. शेरा, आरेचं..."

पुढची पाच नावं गलक्यात बुडाली. "बापाची लाज नाही?" "मेलेल्याला बोल लावतेस?" "आमच्या पोरींची लग्नं व्हायचीत!" गुपांचा चेहरा लाल झाला होता. "सात अंगठे आहेत विषाखाली! माझाही आहे!"

"शब्दाखाली आहेत," यांगचेन म्हणाली. "तुम्हाला मी एकच शब्द वाचून दाखवला. चूक माझी."

क्वेंगाने रजिस्टर ओढून घेतलं आणि सातही पानं उलटली. मग त्याने बॅगेतून कोरे फॉर्म काढले.

"दुरुस्ती होते," तो म्हणाला. "पण मॅडमच्या सांगण्यावरून नाही. प्रत्येक घराचा नवा अंगठा हवा. एकही मिळाला नाही, तर तक्ता आहे तसा राहील आणि मला फोन लावावा लागेल."

शाईचा डबा टेबलावर उघडा ठेवला गेला. कोणी हललं नाही. सात घरं एकमेकांकडे पाहत होती, आणि प्रत्येक घर दुसऱ्याने हलू नये अशी प्रार्थना करत होतं. क्वेंगाने घड्याळ पाहिलं. फाटकाशी पेल्देनने थर्मास या हातातून त्या हातात घेतला. यांगचेनने मुद्दामच आमाकडे पाहिलं नाही. पाच वर्षांपूर्वीचा तो पदरात गुंडाळलेला अंगठा तिला आठवत होता.

बाटली टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला. आमा समोर उभी होती.

"काय लिहिणार आहेस?"

"आरा."

"कोणाच्या घरची?"

"आमा, त्याला रकाना नाही."

"मग त्या शेऱ्यात लिही. तुला शेऱ्यांची हौस आहे ना." आमाचा आवाज चढला नव्हता. "मी गाळायची आणि मीच ओतायची. शेवटी-शेवटी तो नको म्हणायचा. तोंडावर हात ठेवून. मेशू, मेशू. दोनदा म्हणायचा, तीनदा म्हणायचा." ती थांबली. "मला वाटायचं, रीत म्हणून म्हणतोय. मी चिमटा काढायची."

आमाने अंगठा शाईत बुडवला आणि कागदावर दाबला. जरा जास्तच वेळ, जणू तो निसटून जाईल.

"तू नको म्हणाली होतीस मला तेव्हा," यांगचेन हळूच म्हणाली. "फॉर्मला."

"ते खरं नको नव्हतं, रीतीचं होतं. तुला तरी कुठे फरक कळला, नाही तर दुसरा शब्द शोधत न बसता पुन्हा विचारलं असतंस."

त्यानंतर बऱ्याच वेळाने एक विधवा पुढे आली. मग एका मेलेल्याचा मुलगा. मग आणखी एक बाई, तिने अंगठा दिला आणि वर म्हणाली, "पण आमचा थोडीच प्यायचा." चार झाले. गुप निदुप खुर्चीवर बसूनच होते, दोन्ही हात घोच्या आत.

क्वेंगाने हिशेब केला. "तीन उरतात. पण विषाचे सातही फॉर्म एकाच हातचे आणि सातांवरही शेरा, त्यामुळे चार खोटे ठरल्यावर या तीन फॉर्मच्या जोरावर फोन करता येणार नाही. संशयित म्हणून ठेवतो." त्याने मोबाइल खिशात टाकला. आपल्यासमोरच्या भरल्या पेल्याकडे पाहिलं, आणि तो दोन बोटांनी अलगद दूर सारला. या वेळी कोणी चिमटा काढला नाही.

"ठरावाचं काय?" मागून कोणीतरी विचारलं. वर गेलेले हात केव्हाच खाली आले होते. कोणाला आपला वर होता असं आठवतही नव्हतं. लोक उठून अंग झटकू लागले.

आमा फाटकाकडे चालू लागली. पेल्देनभोवतीच्या चार हातांच्या रिकाम्या जागेत ती सरळ शिरली.

"चहा?" पेल्देनने विचारलं. तीस वर्षांची सवय. उत्तराची वाट न बघताच तिने थर्मासचं झाकण परत फिरवायला घेतलं.

आमाने तोंडावर हात ठेवला. "मेशू, मेशू."

पेल्देनने मान हलवली. झाकण अर्धं लागलं.

"मेशू, मेशू," आमा पुन्हा म्हणाली आणि जागची हलली नाही. तिचा दुसरा हात नेसलेल्या कीराच्या ओच्यात गेला होता. तिथून तिने आपला लाकडी पेला काढला आणि पुढे धरला.

पेल्देन त्या पेल्याकडे पाहत राहिली. मग तिने झाकण उलट फिरवलं. ओतताना लोणीचहा थोडा आमाच्या बोटांवर सांडला, पण तिने पेला मागे घेतला नाही.

निघालेलं गाव जिथल्या तिथे थांबलं होतं. आमा आता पडते की मग, हे बघायला. यांगचेनलाही रजिस्टर घट्ट धरून उभं राहिलेलं पाहून एक म्हातारा कुजबुजला, "डॉक्टर, पेन तयार ठेव."

आमाने पेला रिकामा केला. मनगटाने ओठ पुसले.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली, आणि पेला पुन्हा पुढे केला.