गवळणीचा पदर

हनुवटीपर्यंत ओढलेला जरीचा पदर.

तापाच्या गोळ्यांची अर्धी संपलेली पट्टी.

काशीमिऱ्याच्या नाक्यावर ट्रेलरचा हॉर्न. वर गच्चीत, टाकीच्या आडोशाला, पायांत चाळ न बांधता धरलेला ठेका.

"अनुभव?"

नाट्यविभागाच्या प्रवेश-चाचणीत सुचेता मॅडमनी दुसऱ्यांदा विचारलं. संचिता टाचेनं फरशीचा जोड चाचपत राहिली.

"नाही."

"शाळेच्या गॅदरिंगमध्ये तरी?"

"झाड होते."

शेजारचे सर हसले. मग तिनं पाठ केलेला उतारा म्हटला. कुणा जमीनदाराच्या मुलीचं दुःख होतं ते, मोबाइलवर सापडलेलं. हात कुठे ठेवायचे ते शेवटपर्यंत कळलं नाही.

"पाठांतर चांगलं आहे," मॅडम म्हणाल्या.

सोबत आलेला धाकटा भाऊ दारातूनच ऐकत होता. साईराजला राहवलं नाही.

"मॅडम, आमच्या गावी शिमग्याला नमन असतं, रात्रभर सोंगं नाचतात. त्यात गवळणीचा मान आमच्या घरचा. बघा ना."

त्यानं मोबाइलवर गेल्या शिमग्याचा व्हिडिओ लावून पुढे केला. ढोलक्या, मृदंग, टाळ. मधोमध चेहरा झाकलेली गवळण. कृष्णानं वाट अडवली तशी ती थांबली, नुसती मान कलती केली, आणि माठ सावरत अशी वळली की बघणारे सर खुर्चीत पुढे सरकले.

"चेहरा दिसत नाही, तरी किती चिडली आहे बघा," मॅडम म्हणाल्या. "कोण आहे ही?"

नमनात गवळण पुरुषानंच व्हायचं. बाईमाणसानं चाळ बांधले असं कळलं, तर मंडळाचे पुढारी दाजी तो मान दुसऱ्या घराला देणार, आणि बाबांनाही मृदंगावरून उठवणार. वर्षभर वॉचमनची शिटी वाजवणारे बाबा त्या मृदंगासाठीच गावी जात.

साईराजनं ताईकडे पाहिलं. तिची टाच थांबली.

"मी," तो म्हणाला.

"मग अर्ज का नाही भरलास? बारावी झालीय ना?"

"झालीय, पण..."

"पण काय? मुलं येतातच कुठे आमच्याकडे! आजच भर. सोमवारी एवढंच करून दाखव." मग आठवण झाल्यासारखं त्या संचिताला म्हणाल्या, "तू थोडा अनुभव घे. पुढच्या वर्षी बघू."

परतताना रिक्षा सिग्नलला अडकली. साईराज केव्हाचा बोटं मोडत होता.

"ताई, मी दुसरं काय सांगणार होतो? बाबांचं काय झालं असतं?"

"मी काही म्हटलं?"

"नको जाऊ का सोमवारी?"

"जा की. मॅडम वाट बघतायत."

"टोमणे नको मारूस ना यार."

मागच्या ट्रकवाल्यानं हॉर्न दिला. रिक्षावाल्यानं शिवी हासडली. साईराज खाली बघत म्हणाला,

"ती मान कशी... ते एकदा दाखवशील?"

गच्चीवर तिनं आईची ओढणी त्याच्या डोक्यावर टाकली, चेहऱ्यावर खेचली आणि हनुवटी धरून त्याची मान फिरवली. जरा जोरातच.

"आधी खांदा नाही, गाढवा. आधी मान."

"अशी?"

"अशी नाही. तुला राग आलेला आहे."

"कुणाचा?"

संचितानं ओढणीचं टोक त्याच्या मुठीत कोंबलं.

"परत कर," ती म्हणाली.

गेल्या शिमग्यात, नमनाच्या वेळी, साईराज गावच्या घरात तापानं फणफणून पडला होता आणि आई त्याच्या कपाळावर ओल्या घड्या ठेवत बसली होती.