तिसरी तबकडी

बाजू पहिली

मी एक जुनी गाण्यांची तबकडी आहे, मित्रांनो. जुनी, पण कित्येक वर्षं न वापरलेली. तोवर माझ्या अंगावर एकही ओरखडा नव्हता. याचा मला अभिमान वाटत नाही.

तीन भावंडांचा रॉक बँड होता. ताई ड्रम वाजवायची, मधला गिटार, धाकटा गायचा. तिघांनी स्वतःची गाणी लिहिली आणि एकेका अल्बमपुरती जमवली. मग भांडण लागलं.

"माझा आधी," मधला म्हणाला.

"का? आधी जन्मलास म्हणून?" धाकटा म्हणाला. "तिन्ही एकाच दिवशी काढू. कुणी आधी नाही, कुणी नंतर नाही!"

"अरे, सहा-सहा महिन्यांनी काढू," ताई म्हणाली. "ताटं तीन वाढलीत तरी ऐकणाऱ्याचं पोट एकच असतं, बाळा."

तिचं कोण ऐकतंय! वेळ वाचावा म्हणून तिघांनी वेगवेगळ्या खोल्यांत आपापलं ध्वनिमुद्रण केलं. ताईने आपल्या गाण्यांना स्वतःच ड्रम वाजवले, गायलीही तीच. मग तिन्ही तबकड्या एका खोक्यात घालायच्या ठरल्या, आणि खोक्यात क्रम आलाच.

"मला शेवटी ठेवा," ताई म्हणाली. "मोठ्यांनी मागून जेवावं."

पहिल्या तबकडीचं कौतुक झालं. दुसरीवर वर्तमानपत्रात दोन ओळी आल्या. तिसरी मी, ताईची. माझ्याबद्दल एवढंच छापलं होतं: 'तिसरा अल्बम निवांत ऐकेन.' सगळ्यांनीच तसं ठरवलं असावं. धाकट्यानेही.

"माझा ऐकलास का रे?" ताई विचारायची.

"ऐकतो गं, जरा सवड मिळू दे."

पुढे तिने विचारणं सोडलं. ड्रमवर जुनी चादर टाकली आणि चष्म्याच्या दुकानात नोकरी धरली.

(दोन गाण्यांच्या मध्ये मोकळी जागा असते ना, तशी ही जागा आहे. एकोणीस वर्षांची.)

बाजू दुसरी

ताई गेली.

एका दुपारी धाकट्याने खोकं उघडलं. मी कागदाला चिकटले होते. त्याने मला हळूच सोडवलं. सुई पहिल्यांदाच माझ्या अंगावर टेकली. मित्रांनो, मला फार भीती वाटली.

तो जमिनीवर बसून ऐकत राहिला. एका गाण्यात लहानपणी त्याला ताप आला होता त्या दिवसांची गोष्ट होती. शेवटचं गाणं थांबलं. ड्रमच्या काठ्या खाली ठेवल्याचा आवाज आला, आणि धापा टाकत ताईने विचारलं,

"कसं झालं रे?"

ध्वनिमुद्रणाच्या वेळी खोलीच्या काचेपलीकडे कुणीच नव्हतं. धाकटा शेजारच्या खोलीत स्वतःचं गाणं म्हणत होता.

"छान," तो आता म्हणाला. "ताई, खूप छान झालंय गं."

सुई माझ्या शेवटच्या खाचेत फिरत राहिली. त्याने ती उचलून पुन्हा मागे ठेवली. तिने पुन्हा विचारलं. त्याने पुन्हा सांगितलं. संध्याकाळपर्यंत हेच चाललं होतं.

मित्रांनो, तुमच्याही घरी कुणीतरी काही केलेलं असेल, लिहिलेलं असेल, आणि तुम्ही ते निवांत बघू म्हणून ठेवलं असेल. आज बघा. विचारणारं माणूस समोर आहे, तोवर त्याला उत्तर द्या. मला कितीही वेळा वाजवलंत, तरी मी फक्त प्रश्न ऐकवू शकते.