घासून गेलेलं नाव

मी रिकीब बोलतेय. घोड्यावर बसणारा ज्यात पाय अडकवतो, ती. हल्ली एवढंही समजावून सांगावं लागतं, काय करणार!

दोनशे वर्षांपूर्वी निपाणकर आणि कोल्हापूरकर आपसांत लढत होते, तेव्हाची मी. अस्सल पितळेची. माझा स्वार भरमू, कंग्राळीचा शेतकरी, निपाणीच्या पागेत चाकरीला. त्यानं हौसेनं माझ्या कडेवर आपलं नाव कोरून घेतलं होतं. लढाई संपत आलेली, तह होणार असं जो तो बोलत होता. तशात एका ओढ्याकाठी भरमूला भाला लागला. मारणारा आमच्याच बोलीत शिव्या देत होता, याचं मला अजून वाईट वाटतं. घोडा एकटाच घरी आला, मला घेऊन.

घरच्यांनी मला देव्हाऱ्यात ठेवलं. दर खंडेनवमीला चिंच आणि विटेची भुकटी लावून घासायचं, मग हळदकुंकू. पिढ्यान्‌पिढ्या सुनांनी घासलं. नागुबाईनं तर साठ वर्षं घासलं. लई जोर तिच्या हातात! लखलखले की शेजारणींना बोलावून दाखवायची. कडेवरची अक्षरं झिजतायत हे मला कळायचं, पण सांगणार कशी?

यंदा गावानं लढाईत गेलेल्या पूर्वजांच्या नावांची शिळा बसवायचं ठरवलं. नावाला पुरावा हवा. घरात तर सगळे 'घोडेस्वार आज्जा' एवढंच म्हणत आलेले. नागुबाईला त्याचं नाव शिळेवर हवंच होतं. नात रचना मला पिशवीत घालून निपाणीला इतिहासाच्या मॅडमकडे घेऊन गेली, नागुबाईही हट्टानं आली. मॅडमनी भिंग लावून पाहिलं.

"आज्जी, इथं अक्षरं होती. घासून गेलीत."

नागुबाईनं माझ्या कडेवरून अंगठा फिरवला. मग म्हणाली, "मीच पुसलं की गं."

"तुला कुठं ठाऊक होतं, आज्जी?" रचना म्हणाली.

"ठाऊक न्हवतं म्हणून काय झालं? गेलं ते गेलंच की."

भरमू! अगं नागुबाई, भरमू नाव त्याचं! मी जिवाच्या आकांतानं सांगत होते. कुणाला ऐकू जाणार?

शिळा त्याच्या नावाविना उभी राहिली. नागुबाई बघायलाही गेली नाही. खंडेनवमीला रचनानं चिंच भिजवली, तर म्हातारी ओरडली, "हात लावू नगंस तिला!" तेव्हापासून मी कोपऱ्यात हिरवी पडत चाललेय.

नागुबाई, घास की गं मला. नाव परत येणार नाही, मला माहीत आहे. तू एकटीनं पुसलं नाहीस, आणि पुसलंस तेही मायेनं. भरमू गेला, त्याचं नाव गेलं. तू तरी मला टाकू नकोस.