खंडेनवमीचा पंप

मित्रांनो, बेंगळुरातल्या येलहंकेच्या एका घरात पलंगाखाली बिस्किटांचा पत्र्याचा डबा आहे, आणि त्या डब्यात मी राहतो. मी एक जुना एअर पंप. माझ्या शेजारी मोडकी कात्री, गंजलेले स्क्रू आणि शिलाई मशीनचा तुटका पट्टा आहे. शेजार वाईट नाही, पण कुणाशी दोन शब्द बोलायची सोय नाही. म्हणून तुमच्याशी बोलतो. आणि आधीच सांगून ठेवतो, मी रागावलेलो आहे! जुन्या वस्तू आपली कहाणी फार समजूतदारपणे सांगतात, मधूनमधून उसासे टाकतात. मला ते जमणार नाही. माझ्यावर एक खोटा आळ आहे आणि तो अजून कुणी पुसलेला नाही.

माझा जन्म बेंगळुरातल्याच पीण्या नावाच्या औद्योगिक वसाहतीत, एका छोट्याशा कारखान्यात झाला. पोपटी रंगाचं अंग, पोटात एक चुंबक, एक इवलीशी दांडी आणि एक रबरी पडदा. वीज आली की दांडी थरथरते, पडदा वरखाली होतो आणि माझ्या तोंडातून हवा बाहेर पडते. ती हवा नळीतून माशांच्या टाकीत जाते आणि पाण्यात बुडबुडे उठतात. एवढंच माझं काम. पण त्या एवढ्याशा कामावर कुणाचा तरी श्वास चालतो, बरं का!

तिथून मी शिवाजीनगरच्या बाजारात विद्याधरअण्णांच्या माशांच्या दुकानात आलो. काचेच्या कपाटात बसून मी वाट बघत होतो. एक दिवस सातवीतली एक मुलगी वडिलांना हाताला धरून ओढत आत आली. ती रम्या.

"गोड्या पाण्यातले मासे नकोत म्हणे हिला," तिचे बाबा जयसिंगराव अण्णांना सांगत होते. "समुद्रातलेच पाहिजेत. बेंगळुरात समुद्र! मी लेथवर काम करणारा माणूस, समुद्र कुठनं आणू?"

"मामा पाठवणार आहे ना कारवारहून! कॅन भरून पाणी, बसच्या टपावरनं," रम्या म्हणाली.

विद्याधरअण्णा हसले. त्यांनी मला कपाटातून काढलं, फुंकर मारून धूळ उडवली आणि म्हणाले, "हे बघ पुट्टी, बाळा, खारं पाणी म्हणजे भांडकुदळ पाहुणा. फट दिसली की शिरलंच. पंप नेहमी पाण्यापेक्षा उंच ठेवायचा. खाली ठेवलास आणि करंट गेला, तर नळीतनं पाणी उलटं याच्या पोटात जातं. आणि टाकीत हात घालायच्या आधी प्लग काढायचा. सगळे प्लग. समजलं काय?"

"सरी अण्णा," रम्यानं होकार दिला.

"वर मीठ साचतं, ते ओल्या फडक्यानं पुसून कोरडं करायचं. ही छोटी झडप नळीत बसव. पाणी उलटं येऊ देत नाही."

"सरी म्हटलं ना!"

"सरी म्हणणाऱ्यांचेच पंप परत येतात माझ्याकडं," अण्णा म्हणाले.

दुकानाची पायरी उतरता उतरता जयसिंगरावांनी अट घातली. "रम्या, ऐकून ठेव. एक मासा जरी तुझ्या हलगर्जीनं मेला, तर टाकी दुसऱ्या दिवशी विकून टाकणार. जिवाशी खेळ नाही चालायचा आपल्या घरी."

"नाहीच मरणार!" रम्या म्हणाली आणि मला छातीशी धरून ऑटोत बसली.

मित्रांनो, काय दिवस होते ते! टाकीत नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेली जोडी आली. जाड्या गुंडू आणि नाजूक चिन्नी. मला टाकीच्या वरच्या फळीवर मानाची जागा मिळाली. रम्या शाळेतून आली की दप्तर टाकायच्या आधी माझ्या पाठीवर थोपटायची. "शाब्बास रे पंप्या!" पाहुणे समुद्र बघायला यायचे, काचेला नाक लावायचे, तेव्हा ती त्यांना वर बोट दाखवून सांगायची, "सगळा जीव याच्यात आहे हो!" दर रविवारी आधी माझा प्लग काढून ती मला पुसायची, माझ्या पोटाखालची कापसाची चकती झटकायची. दुपारी वीज गेली की मी गप्प व्हायचो, आणि वीज परत आल्यावर मी घरघरलो की ती टाळ्या वाजवायची. माझ्या आवाजाला टाळ्या! त्या घरात मिक्सरलासुद्धा कधी टाळ्या मिळाल्या नव्हत्या.

ती छोटी झडप मात्र कधी बसलीच नाही. ती रम्याच्या खणात केसांच्या पिनांबरोबर पडून राहिली.

पुढच्या वर्षी रम्या शाळेच्या थ्रोबॉल संघात गेली. मला तिचा अभिमानच वाटला. पण रविवार थ्रोबॉलचा झाला, मित्रांनो, आणि माझं पुसणं राहिलं. नळीच्या तोंडाशी मिठाचा पांढरा थर चढला आणि नळी मला घट्ट चिकटली. मी कुरकुर केली नाही. आवाज जरा घोगरा झाला, एवढंच.

मग खंडेनवमी आली. आपल्याकडे त्या दिवशी हत्यारांची पूजा असते. गल्लीत सकाळपासून स्कूटरींना हार, ऑटोंना केळीचे खुंट, आणि रस्त्यावर फोडलेल्या कोहळ्यांचा सडा. रत्नाबाईंनी, म्हणजे रम्याच्या आईनं, जमिनीवर पाट मांडून पूजा मांडली होती. पणजोबांची बोथट तलवार, जयसिंगरावांचे पाने, हातोडी, कात्री, शिलाई मशीन.

"आई, माझ्या पंपाची पण पूजा!" रम्या म्हणाली.

"कर की. त्यानं काय पाप केलंय?"

"वरच फूल ठेवते त्याला."

"चालू हत्याराची पूजा नसते," जयसिंगराव म्हणाले. "वर्षभर राबतात बिचारी. आज त्यांना विसावा. आज मी स्क्रूसुद्धा फिरवत नाही, ठाऊक आहे ना?"

रम्यानं माझा प्लग काढला. नळी ओढून बघितली, पण ती मिठानं जाम झालेली. मग तिनं मला नळीसकटच खाली आणलं आणि पाटावर हातोडीशेजारी ठेवलं. कपाळावर हळद, कुंकू, वर झेंडूचं फूल. ती माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "आज तुला सुट्टी, पंप्या! मज्जा कर!"

खरं सांगू? मी फुलून गेलो होतो. तलवारीच्या रांगेत बसलेला पंप मी पहिलाच असेन! हत्याराला विसावा असतो, पण श्वासाला नसतो, हे त्या क्षणी मलाही सुचलं नाही.

रम्या मैत्रिणींबरोबर घरोघरीची पूजा बघायला गेली. गल्लीतली पोरं प्रसादाला आली. त्यांनी कडलेपुरी, म्हणजे डाळं घातलेले चुरमुरे, स्वतः खाल्ले आणि गुंडूलाही मूठभर प्रसाद दिला. चुरमुरे पाण्यात फुगले, पाणी गढूळ झालं. आणि मग नळीतून माझ्या पोटात काहीतरी गार उतरलं. एक थेंब. मग दुसरा. मी पाण्याच्या खाली होतो, मित्रांनो, आणि पाण्यानं मला शोधून काढलं होतं. माझ्या चुंबकाभोवती समुद्र साचत होता आणि कपाळावरचं फूल तसंच हसत होतं.

ऊन कलता कलता रम्या परत आली. गुंडू आणि चिन्नी पाण्याच्या अगदी वर तोंड काढून हवा गिळत होते.

"आई! मासे बघ कसं करताहेत!"

तिनं धावत येऊन माझा प्लग खोचला. पायाखाली माझ्याच पोटातून सांडलेलं खारं पाणी होतं. फट् असा आवाज झाला, निळी ठिणगी उडाली आणि रम्या मागे फेकली गेली.

"शिवू नको! कुणी शिवू नका त्याला!" रत्नाबाई ओरडल्या. "अहो, मेन बंद करा आधी, मेन!"

नुकतेच घरी परतलेल्या जयसिंगरावांनी मेन खाली ओढला. रम्याचा हात झिणझिणत होता, पण ती उठून बसली. बस्स, त्या क्षणी मला गुंडूही दिसला नाही, चिन्नीही नाही. ती उठून बसली एवढंच दिसलं.

पुढची कमाल रत्नाबाईंची. त्यांनी स्वच्छ पितळी लोटा घेतला, टाकीतलं पाणी भरलं आणि कॉफीला फेस आणतात तसं उंचावरून धार धरून पुन्हा टाकीत ओतायला लागल्या. भर, ओत. भर, ओत. प्रत्येक धारेबरोबर हवा पाण्यात जात होती. "चिन्नी, हल गं बाई," असं म्हणत त्यांचा हात भरून आला तरी थांबला नाही. चिन्नी हलली. गुंडू मात्र तोवर आडवा झाला होता.

रम्या कोपऱ्यात बसून रडत होती. जयसिंगराव टाकीकडे बघत होते. अट सगळ्यांना आठवत होती.

"उद्या विद्याधरकडं जाऊ," ते म्हणाले. "बघू पंपाला काय झालं. मग टाकीचं ठरवू."

दुकानात अण्णांनी मला उघडलं. माझ्या पोटातून पाणी गळलं, मिठाचे खडे पडले. अण्णांनी भुवया उंचावल्या.

"खाली ठेवला होता काय हा?"

जयसिंगरावांनी रम्याकडे बघितलं. ते स्वतः पूजा झाल्याबरोबर कोपऱ्यावरच्या मंडळात गेले होते. मी आणि नळी पाटावर कसे आलो, हे त्यांनी नीट पाहिलंच नव्हतं. मीही रम्याकडे बघत होतो. बोल गं, मी मनात म्हणालो. तूच तर सगळ्यांना सांगायचीस, सगळा जीव याच्यात आहे म्हणून.

"नाही अण्णा," रम्या म्हणाली. "एरवी वरच असायचा. पूजेला खाली आणला तेव्हा नळी काढली होती."

अण्णांनी मिठाचे खडे बोटानं बाजूला सारले. "मग मशीनच खराब. एखादा निघतो असा."

"म्हणजे पोरीची चूक नाही," जयसिंगरावांनी मोठा श्वास सोडला. "केवढा धक्का दिला तिला या सैतानानं! स्वल्प बरा पंप द्या यावेळी."

सैतान! मित्रांनो, मला खाऱ्या पाण्यानं इतकं झोंबलं नव्हतं.

टाकी वाचली. चिन्नी घरात राहिली. माझ्या बदनामीवर वाचली, पण वाचली. रम्या घाबरली होती, हे मला कळतं. खरं बोलली असती तर चिन्नीही गेली असती, हेही कळतं. पण कळलं म्हणून दुखायचं थांबतं का? चुकून मला खाली ठेवलं, ते मी त्याच दिवशी सोडून दिलं. तिनं लाडानंच तर ठेवलं होतं. पण मला ओळखून, माझ्या डोळ्यांदेखत ती 'नाही अण्णा' म्हणाली, ते मला सोडता येत नाही.

फळीवर निळा नवा पंप आला. मी सुट्या भागांसाठी म्हणून या डब्यात आलो.

पुढच्या खंडेनवमीला डबा पाटाशेजारी ठेवला होता. झाकण अर्धं उघडं, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं. रम्यानं नव्या पंपाला फळीवरच, चालू असतानाच, फूल वाहिलं.

"अगं, चालू हत्याराची पूजा?" जयसिंगराव म्हणाले.

"हा बंद करायचा नाही, बाबा. आणि खाली तर आणायचाच नाही."

"का गं?"

मी श्वास रोखला. आता सांगेल. आता तर कुणी टाकी विकणार नाही, आता सांगायला काय हरकत आहे?

"असंच," रम्या म्हणाली. "मागचा खराब निघाला ना. उगाच कशाला?"

रत्नाबाईंनी डब्यातल्या कात्रीला कुंकू लावलं. बोट पुढे आलं आणि मलाही लागलं. "तूही राबलास की रे," त्या पुटपुटल्या. रम्या मागे उभी होती. तिनं मला बघितलं. खूप वेळ बघितलं. मग तिनंच पुढे होऊन झाकण लावलं.

ते कुंकू अजून माझ्या कपाळावर आहे. मला ते नको होतं, मित्रांनो. 'मीच खाली ठेवला होता' एवढं एक वाक्य हवं होतं.

तुमच्या घरी टाकी असेल तर पंप उंच ठेवा, झडप खणात ठेवू नका, ओल्या हातानं प्लगला शिवू नका. वीज गेली तर लोटा घ्या आणि धार धरा. पूजा खुशाल करा, पण ज्याच्यावर कुणाचा श्वास चालतो त्याला सुट्टी देऊ नका. आणि चुकलंच कधी, तर ज्याला तोंड नाही त्याच्यावर ढकलू नका. आम्हाला 'नाही' म्हणता येत नाही.

आता पलंगाखाली शांत आहे. फळीवरून नव्या पंपाची घरघर ऐकू येते. दोन दिवस झाले, तिचा सूर घोगरा लागतोय. मीठ चढलंय त्याच्या तोंडाशी, मला ओळखता येतं.

रम्या, आज थ्रोबॉल राहू दे. आधी प्लग काढ, हात कोरडे कर आणि त्याला पूस. चिन्नी म्हातारी झाली आहे आता.