न वापरलेलं वजन

"काकू, अजून किती वॉर्निंगा उरल्या?" साहेबांनी दारातूनच विचारलं.

"एकोणीस. तिसरा कंपायलर काही केल्या ऐकत नाहीये."

रुग्णाच्या शिरेत ठरल्या वेगानं औषध सोडणारे पंप बनवणाऱ्या त्या कंपनीत काकू बावीस वर्षं सी भाषेत प्रोग्राम लिहीत होत्या. नवं मॉडेल तीन वेगळ्या चिपांवर चालायचं होतं, म्हणजे प्रोग्राम चिपच्या भाषेत उतरवून देणारे कंपायलरही तीन. आणि त्यांनी शंका म्हणून दाखवलेली एकही वॉर्निंग राहता कामा नये असा हुकूम. बहुतेक वॉर्निंगा एकाच तऱ्हेच्या: फंक्शनला, म्हणजे प्रोग्रामच्या एखाद्या तुकड्याला, पॅरामीटर म्हणून एक आकडा दिलाय, पण आत वापरलेला नाही. त्याच्याआधी कंसात व्हॉइड, म्हणजे 'मुद्दामच सोडलाय', असं लिहिलं की पहिला कंपायलर गप्प बसे. दुसरा कुरकुरे, ही ओळ काहीच करत नाही म्हणून. तिसऱ्याची तर तऱ्हाच न्यारी. शेवटी काकूंनी प्रत्येकाच्या कलानं घेणारा मॅक्रो, म्हणजे कुठंही डकवता येणारा एक तयार शब्द, लिहिला आणि सकाळपासून त्या तो डोळे मिटून चिकटवत सुटल्या होत्या.

पुढच्याच वॉर्निंगवर हात थांबला. जास्तीत जास्त किती औषध जाऊ द्यायचं, ते ठरवणारं फंक्शन. न वापरलेला पॅरामीटर: रुग्णाचं वजन.

काकूंनी ते दोनदा वाचलं. वजन आत येत होतं आणि तसंच पडून राहत होतं. मर्यादा सरसकट एकच, मोठ्या माणसाची; तान्ह्या बाळालाही तीच. लिहिणाऱ्याच्या जागी त्यांचीच आद्याक्षरं, सहा वर्षांपूर्वीची. जुन्या मॉडेलमध्येही हेच होतं. जुना कंपायलर याबद्दल कधी तोंडच उघडत नसे.

काकूंनी साहेबांना हाक मारून आत बोलावलं.

"साहेब, पंप थांबवावे लागतील. दवाखान्यांत गेलेलेसुद्धा."

सगळं ऐकून साहेबांनी दार लावून घेतलं. "सहा वर्षांत काही झालं का? नाही ना? पुढच्या व्हर्जनमध्ये गुपचूप दुरुस्त करू."

"झालं नाही, की आपल्याला कुणी कळवलं नाही?"

"काकू, चूक तुमची आहे. नोकरी जाईल. रिटायर व्हायला दोन वर्षं राहिलीत."

"जाऊ दे हो!" त्यांचा आवाज फाटला. त्यांनी टेबलावरचा फोन ओढून घेतला. जवळच्या दवाखान्यातल्या बाळांच्या वॉर्डचा नंबर लावला.

"सिस्टर, पंपांच्या कंपनीतून बोलतेय. आमच्या पंपांवर किती बाळं आहेत?"

"दोन. का हो?"

"काढा. आत्ताच्या आत्ता. कारण नंतर सांगते."

"डॉक्टरांना विचारल्याशिवाय..."

"त्यांनाही बोलवा, पण आधी पंप बंद करा. पाया पडते तुमच्या, सिस्टर!"

पलीकडे रिसिव्हर टेबलावर टाकल्याचा आवाज, मग धावती पावलं. काकू भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. बऱ्याच वेळानं पंप बंद होतानाची बारीक शिटी ऐकू आली. एकच.

त्यांनी फोन कानाशी घट्ट धरला आणि दुसरीची वाट बघत राहिल्या.